नवा अल्बम आला की परीक्षणं कशी वाचावीत? इंडी रॉक नुकतंच ऐकू लागलेल्यांसाठी

२६ सप्टेंबर २०२५ ला ब्रुकलिनच्या गीज या बँडचा ‘गेटिंग किल्ड’ आला, आणि दोनच दिवसांत माझ्या भाचीचा फोन. ‘मामा, सगळीकडे याचं इतकं कौतुक चाललंय. मी ऐकलं तर पहिल्याच गाण्यात एक माणूस गाडीत बॉम्ब आहे म्हणून किंचाळतोय. माझं काही चुकतंय का?’

तिचं काही चुकत नव्हतं. फक्त आधी तिने आकडे, म्हणजे परीक्षकांनी दिलेले गुण, पाहिले, मग दोन परीक्षणं वाचली आणि सगळ्यात शेवटी, कॉलेजच्या बसमध्ये, अल्बम लावला. या संगीतात, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर वाढलेल्या रॉकमध्ये, नव्याने शिरणारे बहुतेक जण असेच येतात, मीही तसाच आलो होतो. तिला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगत गेलो ते इथे नीट लिहून काढतो आहे. परीक्षणं वाचायला मला मनापासून आवडतं. चांगलं परीक्षण कानाची धार वाढवतं. पण ते वाचायची एक रीत आहे, आणि ती कोणी सांगत नाही.

आधी ऐका

एकदा, सलग, गाणी दिलेल्या क्रमानेच. शफल बंद. हेडफोन साधा असला तरी चालेल, पण हातात फोन नको. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा मामला असतो, जेवणानंतर सहज जमतो. ऐकून झालं की वहीत तीन ओळी लिहा: कुठे थांबून परत ऐकावंसं वाटलं, कुठे कंटाळा आला, आणि कोणता आवाज कशाचा आहे ते कळलं नाही. आवडलं की नाही, हे एवढ्यात ठरवू नका.

परीक्षण आधी वाचलं की त्यातले शब्द कानात जाऊन बसतात. ‘यात रेडिओहेड या बँडची छाप आहे’ एवढं कोणी लिहिलं की पुढची चाळीस मिनिटं आपण ती छापच शोधत राहतो. आपल्याकडे म्हणतात, तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं. कानसेन व्हायचं तर पहिली बैठक स्वतःच्या कानांनीच मारावी लागते.

गाण्याचे शब्द पहिल्या वेळी कळले नाहीत तर घाबरू नका. या संगीतात गाणारा बऱ्याचदा पुटपुटतो किंवा मुद्दाम शब्द गिळतो, आणि जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांनाही ते लगेच लागत नाहीत. दुसऱ्या वेळी शब्द समोर ठेवून ऐका.

परीक्षण कधी लिहिलं गेलं ते पाहा

१० जुलै २०१५ पासून जगभर बहुतेक नवे अल्बम शुक्रवारी येतात. त्याआधी अमेरिकेत मंगळवारी, ब्रिटनमध्ये सोमवारी येत. मोठ्या नियतकालिकांतल्या परीक्षकाला अल्बम थोडा आधी ऐकायला मिळतो, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत काही छापायचं नाही अशी अट असते. म्हणजे शुक्रवारी सकाळी आपण जे वाचतो ते फार तर काही आठवड्यांच्या, अनेकदा काही दिवसांच्या ऐकण्यातून आलेलं असतं. मुरलेल्या कानाचं ते पहिलं मत आहे. त्याला मान द्यावा, पण निकाल म्हणून वाचू नये.

काही अल्बम पहिल्या आठवड्यात उघडतच नाहीत. लुईव्हिल, केंटकी इथल्या स्लिंट या बँडचा ‘स्पायडरलँड’ १९९१ मध्ये आला तेव्हा बँड फुटलेला होता. दौरा नाही, गाजावाजा नाही. पण लंडनच्या मेलडी मेकर या साप्ताहिकात स्टीव्ह अल्बिनीने त्याला दहा तारे दिले. अल्बिनी स्वतः रेकॉर्डिंग करणारा माणूस, बँडच्या ओळखीतला, त्यांचा आधीचा अल्बम त्यानेच ध्वनिमुद्रित केला होता. आज पोस्ट-रॉक (गाण्यापेक्षा वातावरणावर भर) आणि मॅथ रॉक (अवघड, तुटक ताल) या दोन्ही शाखांचे धागे त्या अल्बमपर्यंत जातात. अल्बिनीचं मत खरं ठरलं, आणि तरीही तो परका श्रोता नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता आल्या पाहिजेत.

आकड्याचं काय करायचं

यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण नवे लोक इथेच सगळ्यात जास्त अडकतात.

आज ज्या दशांश गुणांवरून वाद रंगतात ते पिचफोर्क या अमेरिकी संगीत-संकेतस्थळामुळे रूढ झाले. रायन श्रायबर नावाच्या मुलाने मिनियापोलिसमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यावर ते सुरू केलं. ०.० ते १०.०, मधल्या प्रत्येक दशांशासह. २००० मध्ये रेडिओहेडच्या ‘किड ए’ला १०.० मिळाले, तेव्हा एवढ्या नव्या अल्बमला पैकीच्या पैकी ही मोठी बातमी होती. २००४ मध्ये माँट्रियलच्या आर्केड फायरच्या पहिल्या अल्बमला, ‘फ्युनरल’ला, ९.७ मिळाले आणि मर्ज या छोट्या लेबलला, म्हणजे रेकॉर्ड कंपनीला, मागणी पुरवताना नाकी नऊ आले. त्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसनच्या ‘ट्रॅव्हिस्तान’ला ०.० मिळाला. द डिस्मेंबरमेंट प्लॅन हा त्याचा जुना बँड याच लोकांचा लाडका होता, पण त्या शून्यानंतर ऐकणाऱ्यांची नजर एका रात्रीत बदलली, असं त्याने पुढे सांगितलं. एका आकड्यात एवढी ताकद असावी हे मला आजही अस्वस्थ करतं.

ज्याचं नाव लेखावर असतं, आकडा त्या एकट्याचा असतोच असं नाही. पिचफोर्कमध्ये गुण संपादकांशी बोलून ठरतात. म्हणून कधी मजकूर ऊबदार आणि आकडा थंड, तर कधी त्याच्या उलट, असं दिसतं. अशा वेळी मजकुरावर विश्वास ठेवा.

मग येतं मेटाक्रिटिक, २००१ पासूनचं. ते वेगवेगळ्या ठिकाणची मतं गोळा करून शंभरपैकी एक सरासरी काढतं. ही साधी सरासरी नाही. कोणाच्या मताला जास्त वजन, कोणाच्या कमी, हे त्यांनी ठरवलेलं असतं आणि ते उघड केलेलं नसतं. शिवाय कोणी तारे देतं, कोणी नुसतीच वाक्यं लिहितं, तर अमेरिकी समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊ १९६९ पासून शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी ए, बी, सी अशी अक्षरं देत आला आहे. त्या सगळ्याचे शंभरपैकी गुण करायचे, म्हणजे ज्यात आकडा नव्हता त्यातही आकडा घालायचा. ८२ आणि ८५ मधला फरक पाहून काय ऐकायचं ते ठरवू नका.

सरासरीचा एक मोठा तोटा असा की भांडण लपतं. पाच जणांनी सात-सात दिले तरी सरासरी सात, आणि तिघांनी नऊ, दोघांनी चार दिले तरीही सातच. पहिला अल्बम बहुधा ठीकठाक असेल. दुसरा ऐकलाच पाहिजे. म्हणून सरासरीच्या पानावर गेलात तर मधलं काही वाचू नका. सगळ्यात वरचं एक आणि सगळ्यात खालचं एक अशी दोनच परीक्षणं उघडा. बऱ्याचदा दोघे एकाच गोष्टीबद्दल लिहीत असतात. एकाला जो आवाज धाडसी वाटतो तोच दुसऱ्याला पसारा वाटतो. तो आवाज कोणता ते कळलं की तुमचं काम झालं.

मजकूर तीन रंगांत वाचा

भाचीला मी हा खेळ दिला होता. परीक्षण छापून घ्यायचं आणि तीन पेन्सिली घ्यायच्या. जे कानांना ऐकू येतं त्याबद्दलच्या वाक्यांना एक रंग: ढोल कोरडा आहे, आवाज दूर आहे, गिटार उशिरा येते. तुलनेच्या वाक्यांना दुसरा रंग: हे अमक्या बँडसारखं, तमक्या दशकासारखं. मताच्या वाक्यांना तिसरा: हा वर्षातला सर्वोत्तम, हा थकलेला. ज्या परीक्षणात पहिला रंग जवळपास नसतो ते मी पुन्हा उघडत नाही. ज्यात नुसता दुसरा रंग असतो ते नवख्या वाचकाला बाहेर उभं करतं. पण त्यातले बँड वहीत लिहून ठेवा, पुढचं ऐकण्याची ती आयती यादी आहे.

पहिल्या रंगातले काही शब्द वारंवार भेटतील.

‘जँगली’ गिटार म्हटलं की मराठी माणसाच्या मनात वाघ-अस्वल येतं. इथे अर्थ जवळपास उलटा आहे: स्वच्छ, किणकिणणारी, तारा वेगवेगळ्या ऐकू येतील अशी वाजवलेली गिटार. १९८० च्या दशकातले आर.ई.एम. किंवा द स्मिथ्स ऐका, लगेच कळेल.

‘शूगेझ’ म्हणजे बुटांकडे पाहणं. गिटारवादक पायाजवळच्या, आवाज बदलणाऱ्या पेडलांकडे मान खाली घालून वाजवत, त्यावरून आलेला शब्द. आवाजाची दाट भिंत आणि तिच्या आत विरघळलेला गळा. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा १९९१ चा ‘लव्हलेस’ हा त्याचा मानदंड. यात गाणारा नीट ऐकू येत नाही अशी तक्रार करणारं परीक्षण दिसलं तर लिहिणारा चुकीच्या दारात उभा आहे असं समजा.

‘लो-फाय’ म्हणजे घरगुती, खरखरीचं ध्वनिमुद्रण, कॅसेटवर केल्यासारखं. कधी पैसे नसतात म्हणून, कधी तीच चव हवी असते म्हणून. ओहायोच्या गायडेड बाय व्हॉइसेसने १९९० च्या दशकात यातूनच नाव कमावलं. ‘पोस्ट-पंक’मध्ये बेस गिटार पुढे येते आणि गिटार तुटक, टोकदार वाजते. जॉय डिव्हिजन हे मूळ घर, आणि आजच्या डब्लिनच्या फाँटेन्स डी.सी.ची सुरुवातही तिथलीच. ‘स्लोकोर’ म्हणजे अतिशय संथ आणि हळू आवाजातलं, विलंबित लय आवडणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. डुलुथच्या लो या बँडपासून.

आणि खुद्द ‘इंडी’? मूळ अर्थ फक्त व्यवहाराचा होता: मोठ्या कंपन्यांच्या बाहेरची स्वतंत्र लेबलं. लंडनचं रफ ट्रेड, मँचेस्टरचं फॅक्टरी, सिएटलचं सब पॉप. १९८६ मध्ये एन.एम.ई. या ब्रिटिश साप्ताहिकाने सी८६ नावाची कॅसेट काढली, आणि तेव्हापासून हा शब्द एका विशिष्ट आवाजालाही चिकटला. ‘अल्टरनेटिव्ह’ अमेरिकेतल्या कॉलेज रेडिओवरून वर आला आणि निर्व्हाना या बँडनंतर तोच मुख्य प्रवाह झाला. आज दोन्ही शब्द सैल झालेत. परीक्षणात ते आले तर फार अर्थ काढू नका.

गोष्ट आणि आवाज वेगळे करा

प्रत्येक अल्बमबरोबर एक गोष्ट येते, बहुतेकदा प्रसिद्धिपत्रकातूनच. बॉन इव्हेरच्या पहिल्या अल्बमबद्दल वाचायला गेलात की विस्कॉन्सिनच्या जंगलातली हिवाळ्यातली केबिन भेटतेच. ती गोष्ट खरी आहे. पण केबिनमुळे गाणी चांगली होत नाहीत.

याहून अवघड उदाहरण ब्लॅक कंट्री, न्यू रोड या लंडनच्या बँडचं. त्यांचा ‘अँट्स फ्रॉम अप देअर’ ४ फेब्रुवारी २०२२ ला येणार होता. चारच दिवस आधी गायक आयझॅक वुडने मानसिक स्वास्थ्याच्या कारणाने बँड सोडल्याचं जाहीर केलं. मग निरोपाच्या सावलीशिवाय ती गाणी ऐकणं कोणालाच शक्य राहिलं नाही, मलाही नाही. शेवटचं बारा मिनिटांहून लांबीचं गाणं संपताना माझा गळा दाटून येतो, आणि त्यातलं किती गाण्यामुळे आणि किती बातमीमुळे हे मी आजही वेगळं करू शकत नाही. परीक्षक तरी कसं करणार? पण आपण एवढं करू शकतो: ज्या वाक्यात बातमी आहे ते बाजूला ठेवून उरलेलं परीक्षण वाचायचं, आणि आवाजाबद्दल काही उरतं का ते पाहायचं.

‘गेटिंग किल्ड’चंही तसंच. गायक कॅमेरॉन विंटरचा एकट्याचा अल्बम डिसेंबर २०२४ मध्ये आला आणि हळूहळू गाजला, त्यामुळे बँडच्या अल्बमची वाट पाहणारे आधीच तयार होते. (त्या अल्बमचं नाव ‘हेवी मेटल’, पण त्यात मेटल अजिबात नाही. नावावर जाऊ नका.) वाट पाहून लिहिलेलं कौतुक खोटं नसतं. फक्त त्याची पातळी थोडी आधीच चढलेली असते.

परीक्षक चुकतात, आणि ते बरं आहे

निर्व्हानाच्या ‘नेव्हरमाइंड’ला १९९१ मध्ये रोलिंग स्टोनने पाचपैकी तीन तारे दिले होते. पुढच्या जानेवारीत याच अल्बमने मायकल जॅक्सनला अमेरिकेच्या अल्बम-विक्रीच्या यादीतल्या पहिल्या जागेवरून हटवलं. वीझरचा ‘पिंकर्टन’ १९९६ मध्ये त्याच मासिकाच्या वाचकांनी वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांच्या पंक्तीत बसवला. २००४ मध्ये मासिकाने त्याला पाचपैकी पाच दिले. उलटंही होतं. ओएसिसचा ‘बी हिअर नाऊ’ १९९७ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा ब्रिटिश पत्रकारांनी डोक्यावर घेतला, आणि नंतर हळूच खाली ठेवला.

पण मला नेहमी आठवतं ते गायिका लिझ फेअरचं प्रकरण. १९९३ च्या तिच्या पहिल्या अल्बमवर इंडी समीक्षक फिदा होते. २००३ मध्ये तिने पॉपचा हिट साचा बनवणाऱ्या मंडळींबरोबर काही गाणी केली आणि पिचफोर्कने सरळ ०.० दिला. अल्बम फसला असेल, पण शिक्षा फसण्याची नव्हती. आमची असून तिकडे गेलीस, याची होती. तो लेख लिहिणाऱ्या मॅट लेमेने २०१९ मध्ये जाहीर माफी मागितली, आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पिचफोर्कने जुने गुण पुन्हा तपासले तेव्हा त्या शून्याचे ६.० झाले. त्याच वेळी डाफ्ट पंकच्या ‘डिस्कव्हरी’चे ६.४ वरून थेट १०.० झाले. वाचताना हे लक्षात ठेवा की बाईने काय करावं, इंडी माणसाने पैसे मिळवावेत का, पॉप ऐकणं कमी दर्जाचं का, असल्या न बोललेल्या अटी परीक्षणाच्या तळाशी बसलेल्या असतात. गुण बदलले तरी त्या अटी प्रत्येक पिढीत नव्याने तयार होतात.

मग कोणाचं वाचायचं?

नियतकालिकाचं नाव सोडा, लिहिणाऱ्याचं नाव पाहा. आणि त्याला तपासायची एक सोपी युक्ती आहे: जो अल्बम तुम्हाला पाठ आहे त्यावर त्याने काय लिहिलंय ते आधी वाचा. तुमच्याशी सहमत असण्याची गरज नाही. तुम्ही शंभर वेळा ऐकलेल्या गाण्यात त्याने तुम्हाला न दिसलेलं काही दाखवलं का? दाखवलं असेल तर तो तुमचा परीक्षक. असे दोन-तीन पुरतात. त्यातला एक तरी आवडीनिवडीत तुमच्या विरुद्ध असावा. माझा असा एक आहे. तो ज्याला ‘अति गोड’ म्हणतो ते मी डोळे मिटून लावतो.

जागाही भराभर बदलतात. एन.एम.ई.चा छापील साप्ताहिक अंक २०१८ मध्ये थांबला, क्यू मासिक २०२० मध्ये बंद पडलं. पिचफोर्क २०१५ मध्ये काँडे नास्ट या मासिकं काढणाऱ्या कंपनीने घेतलं आणि जानेवारी २०२४ मध्ये ते जी.क्यू. या पुरुषांच्या मासिकाखाली आणलं, बऱ्याच लोकांना घरी बसवून. त्यातल्या काहींनी त्याच वर्षी हिअरिंग थिंग्ज नावाने स्वतःचं काम सुरू केलं. लंडनचं द क्वायटस २००८ पासून टिकून आहे, तिथे जरा विक्षिप्त संगीतावरही मायेने लिहितात. बघायला आवडत असेल तर अँथनी फँटानो २००९ पासून व्हिडिओवर परीक्षणं करतो. मात्र त्याचा चेहरा आणि आवाज इतका प्रभावी आहे की त्याच्याकडे जाण्याआधी तुमच्या तीन ओळी लिहून झालेल्या असू द्या.

आपल्याकडची जागा छोटी आहे, पण आहे. १९९३ मध्ये अलाहाबादहून अमित सैगलने रॉक स्ट्रीट जर्नल काढलं, आणि कित्येक भारतीय बँडांवर छापील अक्षर पहिल्यांदा तिथेच उमटलं. रोलिंग स्टोनची भारतीय आवृत्ती २००८ पासूनची. पुण्यात २०१० मध्ये एन.एच.७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाल्यावर ज्यांच्याबद्दल फक्त वाचलं होतं ते बँड समोर ऐकता येऊ लागले, आणि वाचलेलं पडताळून पाहण्याची याहून चांगली सोय नाही.

इथे मराठी वाचकाच्या हातात एक जमेची बाजू आहे. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीबद्दल परदेशी परीक्षणात ‘बॉलिवूड’ हा शब्द आला, तर आपण विचारू शकतो: नेमकं कोणतं? १९५० च्या दशकातल्या क्लबगीतांचा बाज, लग्नाच्या बँडचं पितळ, की नुसती हिंदी सिनेमाची आठवण? आपल्या कानात ही गाणी लहानपणापासून आहेत. तिथे परीक्षकापेक्षा आपल्याला जास्त ऐकू येतं, आणि संकोच न करता ते लिहावं.

लिहा, पण आकडा न देता

तीन वेळा ऐकलं, दोन परीक्षणं वाचली, की पुन्हा वही घ्या. शंभर शब्द पुरेत. नियम एकच: प्रत्येक मतामागे एक जागा दाखवायची, कोणत्या गाण्यात आणि कितव्या मिनिटाला. मैफिलीतून परतताना आपण ‘ती जागा काय घेतली’ म्हणतो, अगदी तसंच. परीक्षकाचा एखादा शब्द आवडला तर तो उचलू नका. तोच आवाज तुमच्या घरात, तुमच्या रस्त्यावर कशासारखा वाटतो ते शोधा. मराठीत लिहा. या संगीतासाठी मराठी शब्द कमी आहेत, आणि ते आपल्या वह्यांतूनच येणार.

भाचीने पंधरा दिवसांनी तिचं पान मला पाठवलं. पहिलं गाणं तिला अजूनही आवडत नाही आणि तिने ते स्वच्छ लिहिलं होतं. ‘टॅक्सेस’ या गाण्याबद्दल मात्र निम्मं पान: ‘अर्धं गाणं नुसतेच ढोल आणि गळा, मला वाटलं असंच संपणार. मग एकदम गिटारी येतात. आषाढात लोकल बोगद्यातून बाहेर आली की डोळ्यांवर हिरवं येतं, तसं. चार वेळा मागे जाऊन ऐकलं.’ खाली परीक्षणातलं एक वाक्य उतरवून त्यापुढे तिने लिहिलं होतं, ‘हे मला ऐकू आलं नाही. परत बघते.’